पटावर पंचवीस, वर्गात अकरा: देणगीदाराला खरं का कळत नाही?

मार्चचा तिसरा आठवडा होता. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका छोट्या संस्थेच्या कार्यालयात मी हिशेब पुरे करायला बसले होते. टेबलावर बोलेरोच्या डिझेलच्या पावत्यांची चळत होती आणि त्या तीन देणगीदारांच्या नावे वाटायच्या होत्या. गाडी एक, फेरी एक. त्याच फेरीत संस्थेचं काम बघणाऱ्या ताईंनी सकाळी अभ्यासवर्ग पाहिला, दुपारी बचत गटाची बैठक घेतली, परतताना पाण्याच्या टाकीचं काम बघितलं. पण तिन्ही कामांना पैसे देणारे वेगळे, प्रत्येकाच्या अंदाजपत्रकात डिझेलला ठरवलेली रक्कम वेगळी, आणि एकाकडे तर प्रवासखर्चाचं 'हेड', म्हणजे खर्चाचं खातंच नव्हतं.

डिझेलचं कसंबसं जमवलं आणि अहवालाचा तक्ता उघडला. त्यात एक रकाना होता, अभ्यासवर्गाच्या केंद्रातली सरासरी उपस्थिती. ताईंनी आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, पंचवीसच लिहायचं ना?" करारात पंचवीस होते. जूनमध्ये खरंच पंचवीस होते. दिवाळी झाली, उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघाल्या, आईबापांच्या मागे पोरं कारखान्यावर गेली. डिसेंबरात वर्गात उरली होती अकरा.

अहवालात पंचवीस गेलं. मी ते खोडलं नाही, आणि ते मला अजून बोचतं.

ताई काही खोटारड्या नव्हत्या. त्या अकरा पोरांसाठी त्यांची शिक्षिका रोज चार किलोमीटर चालत जात होती आणि ताई तिला धीर देत होत्या. मग खरा आकडा लिहायची भीती कशाची वाटली? गेली पंधरा वर्षं मी संस्थांचे हिशेब लिहिते आहे, आणि याचं उत्तर मला दर वेळी संस्थेच्या कार्यालयात कमी आणि देणगीदाराच्या दिवाणखान्यात जास्त सापडलं.

२०२५ मध्ये हा दिवाणखाना अचानक बातम्यांत आला. राज्य सरकारने वटहुकूम काढून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यात बदल केला आणि तहहयात विश्वस्तांच्या संख्येवर मर्यादा आणली. ऑक्टोबरमध्ये टाटा ट्रस्टमधल्या विश्वस्तांच्या नेमणुका आणि मुदतवाढ यांवरचे मतभेद वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकले. वाचणाऱ्याला वाटतं, हे मोठ्या माणसांचे आपापसातले विषय, आपल्याला काय त्याचं? पण ते विश्वस्त तिथे कसे बसतात, कसे ठरवतात, कोणाचं ऐकतात, यावर बीडच्या त्या रकान्यात पंचवीस जाणार की अकरा, हे ठरत असतं.

आधी मंडळी ओळखून घेऊ

समाजकामाच्या साखळीत साधारण तीन कड्या असतात. एका टोकाला पैसे देणारी संस्था, जिला या क्षेत्रात सगळे 'फंडर' म्हणतात. मधे प्रत्यक्ष काम करणारी संस्था. दुसऱ्या टोकाला ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ती माणसं.

फंडर तीन तऱ्हेचे. पहिले जुने ट्रस्ट. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा. टाटा समूहाची मुख्य कंपनी टाटा सन्स, तिच्यातला सुमारे ६६ टक्के हिस्सा टाटांच्या ट्रस्टांकडे आहे. म्हणजे समूहाच्या नफ्यातला मोठा वाटा लाभांशाच्या रूपाने धर्मादाय कामाकडे येतो. मुंबईतली टाटा समाजविज्ञान संस्था आणि परळचं टाटा रुग्णालय यांच्या पायाशी हाच पैसा आहे.

फंडरचा दुसरा प्रकार म्हणजे कंपन्या. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एकही मर्यादा गाठत असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायचे. यालाच सीएसआर म्हणतात. देशभरात ही रक्कम आता वर्षाला २५ हजार कोटींच्या वर गेली आहे, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राला मिळतो. तिसरे परदेशी देणगीदार. त्यांच्यासाठी वेगळा कायदा, त्याला एफसीआरए म्हणतात.

साहेब तपासणीला येतात तेव्हा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही ही सकाळ आठवेल. साहेब तपासणीला येणार. आदल्या दिवशी सडा-सारवण, फाटकापासून रांगोळी, पाण्याची टाकी घासलेली. हुशार पोरं पहिल्या बाकावर. ज्याला वाचता येत नाही त्याला गुरुजी हळूच म्हणतात, "तू उद्या नाही आलास तरी चालेल." साहेब येतात, पाढे ऐकतात, खूश होऊन शेरा लिहितात. शाळेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे कोणाला वाचता येत नाही, ती सोडून सगळं त्यांनी पाहिलेलं असतं.

फंडरची 'साइट व्हिजिट' बहुतेक वेळा अशीच होते. साहेब वाईट असतात असं नाही. ज्याच्या हातात पुढचा हप्ता आहे त्याला वाईट बातमी सांगणं, हे माणसाच्या स्वभावात बसत नाही, एवढंच. मी अशा व्हिजिटच्या आदल्या रात्री बारा वाजेपर्यंत कार्यालयात बॅनर बांधलेले आहेत.

आणि ही भीती एका कडीवर थांबत नाही. ताई पंचवीस लिहितात, कारण संस्थेच्या सचिवांना हप्ता हवा. सचिव ते पुढे पाठवतात. फंडरकडे हे काम बघणारा अधिकारी असतो, त्यालाही आत कुठेतरी शंका येते, पण हे केंद्र त्याने स्वतः सुचवलेलं असतं. तोही विश्वस्तांपुढे पंचवीसच ठेवतो. विश्वस्तांमध्ये एकजण वीस वर्षांपासून बसलेले, त्यांना प्रश्न आवडत नाहीत. वार्षिक अहवालात गुळगुळीत कागदावर पंचवीस छापून येतं. पुढच्या वर्षी त्याच आकड्याच्या भरवशावर आणखी दहा गावांत तीच केंद्रं उघडायचं ठरतं, आणि त्या दहा गावांतूनही पोरं दिवाळीनंतर जाणारच असतात.

म्हणून, 'संस्थांनी पारदर्शक व्हावं' असं नुसतं म्हणून भागत नाही. खरं सांगितल्यावर आपलं नुकसान होणार नाही, हा भरवसा वरच्या कडीनेच द्यायला हवा.

गॅसचा सिलिंडर कुणी भरायचा?

समजा तुमच्या घरी लग्न आहे. तीनशे पानांचं जेवण. आचाऱ्याला तुम्ही सांगितलंत, "तांदूळ, डाळ, साखर, तूप, भाजी, सगळ्याचे पैसे देतो. पण गॅसचे नाही, मोठ्या पातेल्यांच्या भाड्याचे नाही, भांडी घासणाऱ्या बाईचे नाही, आणि तुझ्या मजुरीचे तर नाहीच. मला माझा पैसा थेट पाहुण्यांच्या पानात पडायला हवा." आचारी एक तर काम सोडेल, नाहीतर डाळीच्या बिलात गॅस घुसवेल.

संस्थेचा गॅस म्हणजे हिशेबनीस, कार्यालयाचं भाडं, वीज, संगणक, लेखापरीक्षण, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, आणि जी माणसं एका प्रकल्पाची नसून सगळ्या संस्थेची आहेत त्यांचा पगार. याला अप्रत्यक्ष खर्च म्हणतात. बहुतेक फंडर हे पैसे द्यायला नाखूश असतात. पुस्तकं घ्या, दप्तरं घ्या, पण पगार नको, भाडं नको.

हा खर्च किती असतो? ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने २०२१ मध्ये भारतातल्या नावाजलेल्या संस्थांचे हिशेब उघडून पाहिले. अप्रत्यक्ष खर्चाचं प्रमाण ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत पसरलेलं निघालं आणि मध्य होता १९ टक्के. काम जसं तसं प्रमाण. धान्य वाटणाऱ्या संस्थेचं कमी, समुपदेशन करणाऱ्या किंवा कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेचं जास्त, कारण तिथे माणूस हेच साधन असतं. सगळ्यांना एकच टक्का लावणं म्हणजे वरणभाताला आणि पुरणपोळीला सारखाच गॅस लागेल असं धरणं.

या सवयीचा शेवट कुठे होतो, ते अमेरिकेत ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ मध्ये नीट मांडलं. त्याला त्यांनी उपासमारीचं चक्र म्हटलं. फंडर अशक्य इतक्या कमी खर्चाची अपेक्षा ठेवतो. संस्था ती पाळल्याचं दाखवायला खर्च लपवते. लपवलेला आकडा पाहून फंडरला वाटतं, इतक्यात भागतं की! पुढच्या वेळी अपेक्षा आणखी खाली. मधल्या मधे संस्थेचा संगणक जुना होतो, हिशेबनीस सोडून जातो, आणि मग त्याच फंडरची तक्रार येते की अहवाल वेळेवर येत नाहीत.

कमी 'ॲडमिन' म्हणजे प्रामाणिक संस्था, हे समीकरण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, माझ्याही होतं. आता मी ताळेबंदात ३ टक्के प्रशासन खर्च पाहिला की मला दोनच शक्यता दिसतात. कुणीतरी फुकट राबतंय, नाहीतर कुठेतरी डाळीच्या बिलात गॅस आहे.

"पण कायदाच पाच टक्के म्हणतो ना?"

हे वाक्य मी करारांच्या बैठकींत इतक्या वेळा ऐकलंय की यावर जरा थांबायलाच हवं.

सीएसआरच्या नियमांत ५ टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरं. पण ती कोणाला? कंपनीने स्वतःचं सीएसआर खातं चालवायला केलेला सर्वसाधारण प्रशासकीय खर्च त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा तो नियम आहे. एखाद्या ठराविक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या पाच टक्क्यांत मोजायचा नाही, असं त्याच नियमात लिहिलं आहे. म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या समन्वयकाचा पगार किंवा शिक्षिकांचं प्रशिक्षण त्या चौकटीत कोंबायचं कारण नाही. तरी कित्येक करारांत कंपनीवरची ही मर्यादा उचलून तशीच संस्थेवर लावलेली असते. कुणी मुद्दाम करत नाही. एकाने कधीतरी करारात लिहिलं आणि पुढच्यांनी नक्कल केली.

परदेशी पैशाचं मात्र वेगळं आहे. तिथे मर्यादा खरोखर संस्थेवर आहे, आणि २०२०च्या दुरुस्तीने ती ५० टक्क्यांवरून थेट २० टक्क्यांवर आली. त्याच दुरुस्तीने आणखी एक दार बंद झालं. आधी मोठी संस्था परदेशी निधी घेऊन खेड्यातल्या नोंदणीकृत लहान संस्थेला त्यातला भाग देऊ शकत होती, आता देता येत नाही. ज्या लहान संस्थेला इंग्रजीत चाळीस पानी प्रस्ताव लिहिता येत नाही, तिचा तो एकच मार्ग होता. इथे फंडरच्या हातात फारसं काही नाही. पण म्हणूनच जिथे कायदा मोकळीक देतो, तिथे आपणहून पाय बांधून घेणं मला जास्त खटकतं.

पैसे थंडीत, काम उन्हाळ्यात

कंपनीचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. पण ताळेबंद होणार, संचालक मंडळ मंजुरी देणार, प्रस्ताव मागवणार, करार होणार, असं करता करता दसरा उजाडतो. पहिला हप्ता नोव्हेंबर-डिसेंबरात पडतो. आणि ३१ मार्चच्या आत तो खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं 'यूसी', द्यायचं असतं.

बारा महिन्यांचं काम चार महिन्यांत कोंबलं की काय होतं? बांधबंदिस्तीचं काम पावसाआधी मे महिन्यात करायचं असतं, तेव्हा हातात पैसा नसतो. शिक्षिकेचा करार ३१ मार्चला संपतो, नवा ऑक्टोबरमध्ये होतो. मधले सहा महिने तिने काय खायचं? आमच्या एका केंद्राची फार गुणी मुलगी अशीच एका एप्रिलमध्ये मोबाइलच्या दुकानात लागली. ऑक्टोबरमध्ये आम्ही बोलवायला गेलो तर म्हणाली, "ताई, तिथे पगार कमी आहे, पण दर महिन्याला येतो." तिला काय उत्तर देणार?

आणि याला कायद्याची अडचण आहे का? नाही. २०२१च्या नियमांत 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे. सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंतचा प्रकल्प मंजूर करता येतो. त्यातली न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि तीन वर्षांत वापरायची. थोडं कागदी काम वाढतं, पण शिक्षिका टिकते. मुलाचं वाचन, बाईची सावकारापासून सुटका, ओढ्याला परत आलेलं पाणी, ही आंब्याच्या कलमासारखी कामं आहेत. सोयाबीनच्या हिशेबाने पैसे देऊन आंबा येत नाही.

"मोकळे पैसे दिले आणि खाल्ले तर?"

'हेड'ची सक्ती नसलेल्या पैशाला मी मोकळा निधी म्हणते. संस्थेने आपल्या गरजेप्रमाणे वापरावा असा. हा शब्द निघाला की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे कागदावरच्या संस्था झाल्या आहेत, पैसे खाल्ले गेले आहेत, हे मी नाकारणार नाही.

पण घर बांधायला गवंडी ठरवताना आपण काय करतो? त्याने बांधलेली आधीची दोन घरं बघून येतो. तिथल्या माणसांना विचारतो, गळतं का, वेळेवर केलं का. एकदा ठरलं की रोज किती विटा लावल्या ते मोजत बसत नाही. स्लॅबच्या दिवशी मात्र हजर असतो. बहुतेक फंडर नेमकं उलटं करतात. आधी चौकशी वरवरची, मग रोज विटा मोजणं.

आधीच नीट तपासा. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल वाचा, नुसते जोडपत्र म्हणून मागू नका. सोडून गेलेल्या दोन कार्यकर्त्यांशी बोला. विश्वस्त मंडळात नवरा, बायको, मेहुणा असेच तिघं आहेत का ते बघा. त्यानंतर विश्वास टाका. मोकळ्या निधीचाही लेखापरीक्षकाकडून हिशेब होतो, तोही ताळेबंदात दिसतो. एवढंच की संस्थेला चहाचा खर्च 'प्रशिक्षण साहित्य' म्हणून दाखवावा लागत नाही. माझा अनुभव विचाराल तर जिथे खरोखर पैसे खाल्ले जात होते, तिथल्या पावत्या सर्वांत नीटनेटक्या होत्या.

हे कुठे करून पाहिलंय? अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनने २०१६ पासून एक अब्ज डॉलर बाजूला काढून तीनशेहून अधिक संस्थांना पाच-पाच वर्षांचा लवचीक निधी दिला, आणि त्यातला काही भाग संस्थेची घडी बसवायलाच ठेवला. आपल्याकडे मुंबईच्या एडेलगिव्ह फाउंडेशनने २०२१ मध्ये वेगवेगळ्या देणगीदारांना एकत्र आणून शंभर लहान-मध्यम संस्थांना दोन वर्षं संस्था उभी राहण्यासाठी, म्हणजे गॅसच्या सिलिंडरसाठी, पैसे द्यायचा उपक्रम काढला.

सगळ्यांना एकदम मोकळा निधी द्यावा असं मी म्हणत नाही. पण जिच्याबरोबर पाच वर्षं काम केलंय, जिचा प्रत्येक हिशेब जुळलाय, तिच्याकडूनही सहाव्या वर्षी स्टेपलरच्या पिनांची पावती मागणं, हा अपमान आहे. तो लागतो.

सोसायटीला सभासद असतात, ट्रस्टला कोण?

आता दिवाणखान्यात जाऊ. गृहनिर्माण सोसायटीचा अध्यक्ष रंगकामाचं कंत्राट मेहुण्याला देतो, तेव्हा वार्षिक सभेत कुणीतरी उभं राहून विचारतंच. पुढच्या निवडणुकीत त्याला पाडताही येतं. कंपनीला भागधारक असतात, सरकारला मतदार. सार्वजनिक ट्रस्टला असं कुणीच नाही. ज्यांच्यासाठी तो आहे त्या लोकांना मत नाही, ज्याने पैसा दिला तो बहुधा हयात नाही, आणि ज्यांना अनुदान मिळतं त्या संस्था तोंड उघडत नाहीत. उरतात विश्वस्त, आणि विश्वस्तांना निवडतात विश्वस्तच.

कायदा काही कुंपण घालतो. आपल्या राज्यात १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यायचा. स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी. गैरवर्तन केलं तर विश्वस्ताला काढता येतं. उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी, ही आयकराच्या सवलतीची मुख्य अट. अमेरिकेतही १९६९ साली कायदा करून फाउंडेशनांना स्वतःच्याच माणसांशी आर्थिक व्यवहार करायला बंदी घातली गेली आणि दरवर्षी किमान खर्चाची सक्ती आली. आज तिथे ते प्रमाण मालमत्तेच्या ५ टक्के आहे.

२०२५च्या वटहुकुमाने त्यात भर घातली ती विश्वस्तांच्या मुदतीची. ज्यांच्या घटनेत तहहयात विश्वस्ताची तरतूद आहे, तिथेही अशा विश्वस्तांची संख्या एकूण संख्येच्या एक चतुर्थांशाच्या वर नसावी. याला विरोध करणारे म्हणतात, अनुभवी माणसं गेली तर संस्थेची स्मृती जाते. त्यात तथ्य आहे. जुन्या विश्वस्तांपैकी काहींनी आपल्या हयातीत ट्रस्ट राखलेत, वकिलांपासून आणि वारसांपासून. पण स्मृती सांभाळायला एक चतुर्थांश जागा पुरतात. बाकीच्या खुर्च्यांवर कुणीतरी नवीन येऊन "हे पंचवीस कसे?" असं विचारणारं हवं.

कायद्याच्या कुंपणाच्या आत बरंच काही विश्वस्तांनी स्वतःच करायचं असतं. ज्या संस्थेत आपली मुलगी काम करते तिचा अर्ज चर्चेला आला, तर खोलीबाहेर जायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. कोणाला, किती, कशासाठी दिलं याची यादी दरवर्षी छापायची. नाकारलेल्या अर्जांचं कारण दोन ओळींत कळवायचं. मी कळकळीने सांगते, नकार चालतो. आठ महिन्यांची शांतता चालत नाही. तेवढ्यात संस्था आशेवर माणसं धरून ठेवते आणि उधार पगार करते.

"पैसे त्यांचे, मर्जी त्यांची. आपण कोण?"

भावाच्या लग्नात किती आहेर करायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण सार्वजनिक ट्रस्टमध्ये घातलेला पैसा कायद्याने देणाऱ्याचा राहत नाही. विश्वस्त त्याचे राखणदार होतात, मालक नव्हे. शिवाय त्या पैशावर आयकर माफ असतो. देणगीदारालाही त्या देणगीवर आयकरात सूट मिळू शकते. तो कर सरकारच्या तिजोरीत आला असता तर कदाचित त्याच गावच्या शाळेवर खर्च झाला असता. म्हणजे त्या गावातल्या माणसाचाही त्यात वाटा आहे, आणि त्याला विचारायचा हक्क आहे.

दुसऱ्या बाजूनेही बोलायला हवं. संस्थाही धुतल्या तांदळासारख्या नसतात. संस्थापकच तहहयात अध्यक्ष, कार्यकर्त्यांना प्रश्न विचारायची सोय नाही, लोकांपुढे हिशेब कधी वाचलेला नाही, अशा संस्था मी पाहिल्यात. फंडरकडून जे मागायचं तेच संस्थेने आपल्या गावसभेपुढे, आपल्या कार्यकर्त्यांपुढे करायला हवं. पण सुरुवात कोणी करायची, तर ज्याच्या हातात चेकबुक आहे त्याने. ज्याला गमावायचं कमी असतं, तोच पहिलं पाऊल टाकू शकतो.

खरं ऐकायची सोय

ही सोय ठरवून करावी लागते, चांगल्या स्वभावावर सोडून चालत नाही. अमेरिकेत २००१ साली निघालेलं सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलान्थ्रॉपी हे केंद्र फंडरच्या वतीने त्याच्या संस्थांना निनावी प्रश्न विचारतं. अधिकारी उद्धट वागतात का? अहवाल लिहिण्यात किती तास जातात? पैसे सांगितलेल्या दिवशी येतात का? नावं झाकलेली असल्याने संस्था मोकळेपणी बोलतात, आणि इतर फंडरांच्या तुलनेत आपण कुठे आहोत हे फंडरला दिसतं. ह्युलेट फाउंडेशनसारखे काही जण ते निकाल सगळ्यांना वाचायला खुले ठेवतात, वाईट उत्तरांसकट. ब्रिटनमध्ये २०२१ पासून अनेक फंडरांनी आठ वचनांवर सह्या केल्या आहेत, आणि त्यांतलं एक साधं आहे, अर्जदाराचा वेळ वाया घालवू नका.

अमेरिकेतल्या अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांचं उदाहरण मला दोन्ही अंगांनी महत्त्वाचं वाटतं. २०२० पासून त्यांनी अब्जावधी डॉलर मोकळा निधी म्हणून वाटले. संस्थांच्या दृष्टीने ते वरदानच ठरलं. पण कोणाची निवड का झाली, हे बाहेरून कळत नव्हतं. मग २०२३ मध्ये त्यांनी खुले अर्ज मागवले. ६,३५३ अर्ज आले, आणि त्यांची पहिली छाननी केली ती अर्ज करणाऱ्या इतर संस्थांनीच. पुढे तज्ज्ञांनी पाहिले. २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर दिले गेले. त्या छाननीला मैदानातली माणसं बसली होती, ही गोष्ट मला त्या रकमेपेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडच्या जिल्हा पातळीवरच्या छोट्या ट्रस्टला एवढं मोठं काही नको. चार फंडर एकाच संस्थेला पैसे देत असतील तर चौघांनी मिळून एकच अहवाल मान्य करावा, मराठीत. तीन लाखांसाठी तीन पानी अर्ज पुरे. आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर एक प्रश्न असावा, "या वर्षी काय जमलं नाही?" खाली लिहावं की या उत्तरामुळे पुढचा हप्ता थांबणार नाही. आणि मग तो खरोखर थांबवू नये.

बीडच्या त्या संस्थेकडे पुढच्या हंगामात दुसऱ्या एका देणगीदाराच्या बाई आल्या, जानेवारीत. सतरंजीवर बसल्या. बॅनर नको म्हणाल्या. ताईंना विचारलं, "आत्ता किती पोरं आहेत?" ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "अकरा." बाईंनी वहीत लिहिलं आणि विचारलं, "बाकीची चौदा कुठायत?" दोन तास त्यावरच बोलणं झालं. कोणाची आजी गावात आहे, कोण पोराला ठेवायला तयार आहे, दोन वेळच्या जेवणाची सोय झाली तर किती थांबतील. पंधरा दिवसांत दोन परिच्छेदांचं पत्र आलं. नोव्हेंबर ते मार्चचे पैसे, वह्या-फळ्यांऐवजी, आजीआजोबांकडे राहणाऱ्या पोरांच्या जेवणाला आणि ते रांधणाऱ्या दोघीजणींच्या पगाराला वापरावेत. नवा प्रस्ताव नको.

त्याच्या पुढच्या मार्चला तक्ता माझ्या टेबलावर आला. उपस्थितीच्या रकान्यात एकोणीस होतं. समासात ताईंच्या अक्षरात लिहिलं होतं: "सहा जण कर्नाटकात गेले. फोन नंबर आहेत. दोघांशी बोलणं होतं."